फ्लॉपी तबकडीची आखणी : अडचणी व त्यांचे निवारण

पाठाचा हेतू

शाळेच्या कपाटात एखादा जुना संगणक आणि फ्लॉपी तबकड्यांचा डबा पडून असला, तर त्यांकडे अडगळ म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक आहे. तथापि त्या तबकड्यांवर एखाद्या वर्षाचा निकाल, गावच्या पाहणीचे तक्ते किंवा मुलांनी तयार केलेले हस्तलिखित असू शकते, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसण्याचा संभव असतो. असा संगणक पुन्हा चालू करताना पहिली अडचण बहुधा तबकडीच्या आखणीचीच, म्हणजे ज्यास संगणकाच्या भाषेत ‘फॉर्मॅट’ म्हणतात त्याचीच येते. तबकडी आखली जात नाही, अर्ध्यावर थांबते, किंवा एका यंत्रावर आखलेली तबकडी दुसऱ्या यंत्रास वाचता येत नाही.

अशा वेळी घाईने पुनःपुन्हा हुकूम देत राहणे हा सर्वांत घातक उपाय होय. एका चुकीच्या हुकुमाने तबकडीवरील मजकूर जातो, तो परत मिळतोच असे नाही. शिवाय तबकड्याही आता सहज मिळण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. सोनी कंपनीने जपानमधील आपली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबविली. आज बाजारात मिळतात त्या तबकड्या बहुतेक जुन्या साठ्यातील असतात. यास्तव हाती असलेली प्रत्येक तबकडी जपून वापरणे प्राप्त आहे.

दोष कोठे आहे हे क्रमाने शोधून काढता यावे, हा या पाठाचा मुख्य हेतू आहे. ही शोधाची रीत मुलांच्याही उपयोगी पडण्याजोगी असल्याने तिचा वर्गात उपयोग कसा करावा, हे शेवटी दिले आहे.

आखणी म्हणजे काय

फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ, लवचीक चकतीवर चढविलेला लोहसंयुगाचा चुंबकीय लेप. कारखान्यातून निघालेली कोरी तबकडी ही हद्दीचे दगड न रोवलेल्या माळरानासारखी असते. जमीन आहे, पण कोणता तुकडा कोणाचा हे सांगता येत नाही. मोजणीदार येऊन हद्दी आखतो, प्रत्येक तुकड्यास क्रमांक देतो, आणि तलाठ्याच्या दप्तरात त्याची नोंद होते. तेव्हाच त्या जमिनीचा व्यवहार करता येतो.

तबकडीच्या बाबतीत हेच काम फॉर्मॅटचा हुकूम करतो. तो चकतीवर एकाच केंद्राभोवती अनेक वर्तुळे आखतो. त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे सारखे तुकडे पाडतो. त्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरच्या आरंभी त्याचा क्रमांक लिहिला जातो. यानंतर आखलेला भाग पुन्हा वाचून पाहिला जातो. जेथे वाचन जमत नाही ते तुकडे ‘निकामी’ म्हणून नोंदविले जातात. शेवटी तबकडीच्या आरंभीच्या सेक्टरांत दप्तर मांडले जाते : कोणता मजकूर कोणत्या तुकड्यात आहे त्याची सूची, आणि कोणते तुकडे मोकळे आहेत त्याचा तक्ता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तबकडीच्या मधल्या भागात चारदोन तुकडे निकामी असले तरी काम भागते; परंतु आरंभीचा शून्य क्रमांकाचा ट्रॅक निकामी असेल तर दप्तर ठेवण्यास जागाच उरत नाही. म्हणूनच अशा वेळी संगणक सबंध तबकडी नाकारतो.

प्रकार व त्यांचे गणित

आयबीएम कंपनीने आठ इंची फ्लॉपी १९७१ मध्ये बाजारात आणली. शुगार्ट कंपनीने सव्वापाच इंची तबकडीचा ड्राइव्ह १९७६ मध्ये काढला, आणि साडेतीन इंची तबकडी सोनी कंपनीने पुढे आणली. आयबीएमचा व्यक्तिगत संगणक १९८१ साली आला. त्याच्या कुळातील संगणकांवर पुढील चार प्रकार विशेष प्रचलित होते.

१. सव्वापाच इंची, ३६० केबी : ४० ट्रॅक, प्रत्येकी ९ सेक्टर.
२. सव्वापाच इंची, १.२ एमबी : ८० ट्रॅक, प्रत्येकी १५ सेक्टर (१९८४ पासून).
३. साडेतीन इंची, ७२० केबी : ८० ट्रॅक, प्रत्येकी ९ सेक्टर.
४. साडेतीन इंची, १.४४ एमबी : ८० ट्रॅक, प्रत्येकी १८ सेक्टर (१९८७ पासून).

चारही प्रकारांत तबकडीच्या दोन्ही बाजू वापरल्या जातात, आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट, म्हणजे साधारणतः तितकीच इंग्रजी अक्षरे, मावतात. चौथ्या प्रकाराचे गणित असे : ८० × २ × १८ = २,८८० सेक्टर; २,८८० × ५१२ = १४,७४,५६० बाइट. परंतु आखणी पूर्ण झाल्यावर संगणक एकूण जागा १४,५७,६६४ बाइट अशी दाखवितो. हा फरक म्हणजे दोष नव्हे. फरक १६,८९६ बाइटचा, म्हणजे बरोबर ३३ सेक्टरांचा आहे. त्यांपैकी १ सेक्टर संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी, १८ सेक्टर जागावाटपाच्या तक्त्याच्या दोन प्रतींसाठी आणि १४ सेक्टर सूचीसाठी राखलेले असतात. ३६० केबीच्या निर्दोष तबकडीवर हा आकडा ३,६२,४९६ येतो, आणि ७२० केबीच्या तबकडीवर ७,३०,११२ येतो. हे आकडे एका कागदावर लिहून संगणकाजवळ लावावेत. आखणीनंतर निराळाच आकडा दिसला, तर हुकूम आणि तबकडी यांचा मेळ बसलेला नाही, किंवा आखणीच निराळ्या प्रकाराने झाली आहे, असे समजावे. एकूण जागेचा आकडा बरोबर असून निकामी सेक्टरांचा वेगळा आकडा खाली दिसत असेल, तर मात्र दोष तबकडीत अथवा ड्राइव्हमध्ये शोधावा.

दोषाची तीन घरे

आखणीतील बहुतेक सर्व अडचणींचे मूळ तीन ठिकाणी सापडते : तबकडीत, ड्राइव्हमध्ये, किंवा दिलेल्या हुकुमात. पुष्कळदा तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे निर्दोष असतात, पण त्या एकमेकींस अनुरूप नसतात. हा मेळ न बसणे हेच सर्वांत अधिक आढळणारे कारण होय. म्हणून यंत्र उघडण्यापूर्वी तबकडी नीट पाहावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तर दोष कोणता होता हे कळत नाही, आणि तोच दोष पुन्हा उद्भवला की शोध पहिल्यापासून करावा लागतो.

तपासणीचा क्रम

*पहिली पायरी : मजकूर आहे काय, हे पाहणे.* तबकडीवरील चिठ्ठी कोरी असली म्हणजे तबकडी कोरी आहे असे मानू नये. प्रथम तबकडीस लेखनबंदी करावी. साडेतीन इंची तबकडीच्या कोपऱ्यातील सरकती खिडकी उघडी ठेवली की लेखन बंद होते. सव्वापाच इंची तबकडीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लेखन बंद होते. दोहोंची रीत उलट आहे, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर सूची पाहावी. काही मजकूर निघाल्यास त्याची प्रत दुसऱ्या तबकडीवर किंवा आजच्या संगणकावर घ्यावी, आणि मगच पुढे जावे. सूची दिसली नाही म्हणून तबकडी रिकामी आहे असेही ठरत नाही. ती दुसऱ्या कुळातील संगणकावर आखलेली असू शकते.

*दुसरी पायरी : डोळ्यांनी पाहणी.* साडेतीन इंची तबकडीचे धातूचे झाकण बोटाने सरकवून, व सव्वापाच इंची तबकडीच्या लांबट फटीतून, लेप उजेडात पाहावा. त्यावर बोट लावू नये. लेप एकसारखा, काळसर तपकिरी व चकचकीत दिसला पाहिजे. वर्तुळाकार ओरखडे असतील तर ती तबकडी बाजूस ठेवावी. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यातील दमट हवेमुळे हा विकार सहज होतो. बुरशी आलेली तबकडी ड्राइव्हमध्ये कदापि घालू नये. बुरशी व सुटलेला लेप ड्राइव्हच्या हेडला चिकटतो, आणि मग त्यात घातलेली प्रत्येक चांगली तबकडी खरवडली जाते. एका तबकडीचा दोष अशा रीतीने सबंध डब्याला लागतो.

*तिसरी पायरी : तबकडीची जात ओळखणे.* साडेतीन इंची तबकडीत लेखनबंदीच्या खिडकीसमोरच्या कोपऱ्यात दुसरे एक चौकोनी भोक असेल तर ती १.४४ एमबीची, नसेल तर ७२० केबीची. सव्वापाच इंची तबकडीत अशी निश्चित खूण नाही. तथापि ३६० केबीच्या तबकडीच्या मधल्या भोकाभोवती बहुधा मजबुतीचे कडे असते, व १.२ एमबीच्या तबकडीस ते सहसा नसते.

हा भेद केवळ नावाचा नाही. दोहोंचे लेप निराळे असतात. ३६० केबीच्या तबकडीचा लेप चुंबकित करण्यास सुमारे ३०० ओरस्टेड बळ लागते, तर १.२ एमबीच्या लेपास सुमारे ६०० लागते. त्यामुळे ३६० केबीची तबकडी १.२ एमबी म्हणून आखावयास घेतली तर निकामी सेक्टरांची रांग लागते, किंवा शून्य ट्रॅक निकामी असल्याचा संदेश येतो. तबकडी मात्र मुळात चांगली असते. ती आपल्या जातीप्रमाणे आखली की दोष नाहीसा होतो.

*चौथी पायरी : योग्य हुकूम देणे.* ड्राइव्ह मोठ्या क्षमतेचा आणि तबकडी लहान क्षमतेची असेल, तर तसे हुकुमात सांगावे लागते. नाहीतर संगणक ड्राइव्हची पूर्ण क्षमता गृहीत धरतो. डॉस पद्धतीत १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची तबकडी आखावयाची असल्यास ‘फॉर्मॅट’ या शब्दापुढे ड्राइव्हचे अक्षर, आणि नंतर तिरपी रेघ व ४ हा अंक देतात. डॉसच्या चौथ्या आवृत्तीपासून तिरपी रेघ, एफ, विसर्गचिन्ह व क्षमता, जसे ‘/एफ:७२०’, असेही लिहिता येते. डॉसच्या पाचव्या आवृत्तीपासून साधी आखणी जुना मजकूर सबंध पुसत नाही व ट्रॅकही नव्याने आखत नाही. ती केवळ दप्तर कोरे करते. ज्या तबकडीवर वाचनाचे दोष येत असतील तिच्यासाठी ‘/यू’ जोडून सक्तीची आखणी करावी. ही आखणी सर्व हद्दी नव्याने पाडते. तिच्यानंतर जुना मजकूर उरत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

हुकुमातील ड्राइव्हचे अक्षर दोनदा वाचावे. ‘ए’ व ‘बी’ ही फ्लॉपी ड्राइव्हची अक्षरे, आणि ‘सी’ हे संगणकाच्या आतील स्थिर तबकडीचे. ‘ए’ च्या जागी ‘सी’ लिहिले जाऊन सबंध संगणकाचा मजकूर जाण्याचा धोका असतो. मुलांस हा हुकूम एकट्याने देऊ देऊ नये.

*पाचवी पायरी : दोन तबकड्या, दोन ड्राइव्ह.* इतके करूनही दोष राहिला तर दुसरी, निश्चित चांगली तबकडी त्याच ड्राइव्हमध्ये आखून पाहावी. आणि पहिली तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये आखून पाहावी. पहिली तबकडी दोन्ही ठिकाणी नापास झाली तर दोष तबकडीचा. दोन्ही तबकड्या एकाच ड्राइव्हमध्ये नापास झाल्या तर दोष ड्राइव्हचा. या साध्या चाचणीने अर्धे काम होते.

*सहावी पायरी : ड्राइव्ह पाहणे.* येथे प्रथम वीज बंद करून तार भिंतीपासून काढावी. संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा व पडद्याची पेटी उघडू नये. त्यांत वीज बंद केल्यावरही धोकादायक दाब राहू शकतो. ड्राइव्हचा दिवा यंत्र सुरू केल्यापासून विझतच नसेल, तर चपटी केबल एका टोकाला उलटी बसली आहे असे समजावे. केबलची रंगीत कड १ क्रमांकाच्या खिळ्याकडे असावी. आयबीएम कुळातील केबलीच्या काही तारा एका ठिकाणी मुद्दाम पिळलेल्या असतात. पिळाच्या पलीकडे, म्हणजे टोकाला, ‘ए’ ड्राइव्ह, आणि पिळाच्या अलीकडे ‘बी’ ड्राइव्ह जोडावयाचा असतो.

हेड मळले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन ते हलक्या हाताने पुसावे, आणि पूर्ण वाळू द्यावे. वरचे हेड ओढून उचलू नये; त्याची पातळ पट्टी वाकली तर ड्राइव्ह कायमचा जातो. रॉकेल, पेट्रोल किंवा रंगाचे थिनर वापरू नये. हेड ज्या दांड्यावर सरकते त्यावरील वंगण वर्षानुवर्षे पडून घट्ट झालेले असते. ते पुसून हलक्या तेलाचा अगदी अल्प अंश लावावा. तेल हेडला किंवा तबकडीला लागू देऊ नये.

१९८४ नंतरच्या एटी जातीच्या व पुढील संगणकांत ड्राइव्हचा प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या स्मरणात नोंदलेला असतो. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या यंत्राची ही बॅटरी संपते आणि नोंद पुसली जाते. मग १.४४ एमबीचा ड्राइव्ह संगणकास निराळाच वाटतो, किंवा तो आहे हेच कळत नाही. यंत्र सुरू होताना मांडणीच्या पडद्यावर जाऊन ही नोंद दुरुस्त करावी. ड्राइव्ह बिघडला म्हणून टाकून देण्यापूर्वी ही एक गोष्ट अवश्य पाहावी.

संदेशांचे अर्थ

संगणकाचा संदेश हा निदान नसून लक्षण आहे. ताप आला एवढ्यावरून रोग ठरत नाही, तद्वतच एका संदेशावरून दोष ठरवू नये. तथापि पुढील अर्थ लक्षात ठेवल्यास शोधाची दिशा मिळते.

‘राइट प्रोटेक्ट’ : लेखनबंदी आहे. ती कोणी व का केली, हे विचारून मगच काढावी.

‘नॉट रेडी’ : तबकडी नीट बसलेली नाही, झडप उघडी आहे, किंवा केबल सैल आहे.

‘ट्रॅक झीरो बॅड’ : शून्य ट्रॅक वाचता येत नाही. तबकडी टाकण्यापूर्वी तिची जात आणि हुकूम यांचा मेळ पाहावा, व हेड पुसावे.

‘जनरल फेल्युअर’ : तबकडी आखलेली नाही, किंवा ड्राइव्हला अपेक्षित नसलेल्या प्रकाराने आखलेली आहे.

‘पॅरामीटर्स नॉट सपोर्टेड’ : हुकुमात मागितलेली क्षमता त्या ड्राइव्हला देता येत नाही, किंवा ड्राइव्हची नोंद चुकीची आहे.

याशिवाय एक दोष असा आहे की त्यात कोणताही संदेश येत नाही. तबकडी बदलली तरी पडद्यावर आधीच्याच तबकडीची सूची दिसत राहते. तबकडी बदलल्याची वर्दी देणारी तार तुटली असल्यास असे घडते. या स्थितीत काही लिहिले तर नव्या तबकडीवर जुन्या तबकडीचे दप्तर उमटते, आणि नव्या तबकडीवरील मजकुराचा ठावठिकाणा नाहीसा होतो. असे दिसताच काम तेथेच थांबवावे.

एका यंत्राची तबकडी दुसऱ्यास का वाचता येत नाही

समजा, एका शाळेत १.२ एमबीच्या ड्राइव्हवर ३६० केबीची जुनी तबकडी पुन्हा आखली. हुकूम बरोबर होता, आकडाही बरोबर आला, मजकूर लिहिला व वाचलाही गेला. तीच तबकडी शेजारच्या शाळेतील ३६० केबीच्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातली, तर वाचनात दोष आला. येथे तबकडी, ड्राइव्ह आणि हुकूम यांपैकी कशासही दोष देता येत नाही.

कारण असे की, ८० ट्रॅक आखणाऱ्या ड्राइव्हचे हेड ४० ट्रॅकच्या हेडपेक्षा सुमारे निम्मे अरुंद असते. पाटीवर रुंद खडूने ओढलेल्या रेघेवरून अरुंद बोळा फिरविला, तर रेघ मधोमध पुसली जाते, पण दोन्ही कडांना जुनी खडी राहते. अरुंद हेडने लिहिलेल्या ट्रॅकच्या कडेस जुन्या, रुंद ट्रॅकचा अवशेष असाच राहतो. अरुंद हेडला तो दिसत नाही. रुंद हेड मात्र नवा मजकूर आणि जुना अवशेष एकत्रच वाचते, आणि गोंधळते. उपाय दोन आहेत. ज्या तबकड्या ४० ट्रॅकच्या यंत्रावर न्यावयाच्या असतील त्या त्याच यंत्रावर आखाव्यात व त्यांवर तेथेच लिहावे. अथवा त्या विजेवर चालणाऱ्या चुंबकपुसणीने प्रथम सबंध कोऱ्या करून मगच अरुंद हेडच्या ड्राइव्हमध्ये आखाव्यात.

साडेतीन इंची तबकडीतही असाच एक प्रकार घडतो. दोन भोकांची १.४४ एमबीची तबकडी केवळ ७२० केबीच्या जुन्या ड्राइव्हमध्ये आखली गेली असेल, तर १.४४ एमबीचा ड्राइव्ह भोक पाहून ती मोठ्या क्षमतेची समजतो व वाचू शकत नाही. तेथे दुसऱ्या भोकावर अपारदर्शक पट्टी लावून मजकूर वाचून घ्यावा. अशा तबकडीवर मजकूर कायम ठेवणे मात्र विश्वासाचे नाही.

इतर कुळांतील संगणक

प्रत्येक जुन्या तबकडीस आयबीएमचे नियम लावू नयेत. १९८४-८५ साली भारतात शाळांमधील संगणक साक्षरतेची ‘क्लास’ योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, तेव्हा तीत ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक वापरले गेले. त्यांच्या मूळ तबकडी-पद्धतीत प्रत्येक ट्रॅकवर २५६ बाइटचे १० सेक्टर असतात. म्हणजे ४० ट्रॅकच्या एका बाजूस १०० केबी व ८० ट्रॅकच्या बाजूस २०० केबी मजकूर मावतो. येथे ४० व ८० यांची निवड चुकणे हेच आखणी बिघडण्याचे नेहमीचे कारण असते. कित्येक ड्राइव्हवर त्यासाठी स्वतंत्र बटण असते.

कमोडोर १५४१ या ड्राइव्हवर ३५ ट्रॅक असतात, आणि बाहेरच्या ट्रॅकवर २१ व आतल्यावर १७ असे कमीअधिक सेक्टर असतात. आखणीच्या आरंभी त्याचे हेड अडणीवर आपटून मोठा खडखडाट होतो. हा दोष नव्हे. परंतु वारंवार आपटल्याने हेडची जागा ढळते, हे खरे. ॲपल मॅकिंटॉशच्या १९८४ च्या ४०० केबी ड्राइव्हमध्ये तबकडी फिरण्याचा वेगच ट्रॅकनुसार बदलतो. अमिगा संगणक एका ट्रॅकवर ११ सेक्टर बसवितो. या तबकड्या आयबीएम कुळातील यंत्रास साध्या रीतीने वाचता येत नाहीत. ते यंत्र त्यांस ‘न आखलेल्या’ म्हणते. आज मिळणारे यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्हही बहुधा १.४४ एमबीच्या तबकड्यांपुरतेच उपयोगी पडतात. म्हणून ‘ही तबकडी आखलेली नाही, आखावी काय?’ असा प्रश्न संगणकाने विचारला, तर त्यास होकार देण्याची घाई करू नये. तबकडी कोणत्या यंत्राजवळ सापडली, हे प्रथम विचारावे.

वर्गातील उपयोग

फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या शाळेतही हा पाठ घेता येईल. इयत्ता सहावी-सातवीच्या मुलांकडून पुठ्ठ्याची चकती करून घ्यावी. तीवर एककेंद्री वर्तुळे व त्रिज्या आखून ट्रॅक व सेक्टर दाखवावेत, आणि क्षमतेची उदाहरणे सोडवून घ्यावीत.

वेगाचा प्रयोग विशेष रंजक आहे. साध्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये तबकडी मिनिटास ३०० फेरे, म्हणजे सेकंदास ५ फेरे घेते. जुन्या पद्धतीच्या चोकवरील ट्यूबलाइट आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदास १०० वेळा लुकलुकते. १०० ÷ ५ = २०. म्हणून चकतीवर समान अंतराने २० रेघा आखल्या, आणि ती बरोबर याच वेगाने फिरली, तर रेघा स्थिर दिसतात. वेग वाढला तर त्या पुढे सरकताना दिसतात, घटला तर मागे. काही जुन्या ड्राइव्हच्या तळाच्या चाकावर याच तत्त्वाने ५० व ६० असे दोन पट्टे छापलेले असतात. भारतात ५० चा पट्टा पाहावा. वेग फार वाढला तर एका फेऱ्याच्या वेळेत सर्व सेक्टर मावत नाहीत, शेवटचा सेक्टर पहिल्यावर चढतो, आणि आखणी फसते.

दोषशोधनाची रीत फळ्यावर पुढीलप्रमाणे लिहावी : पाहा, नोंद करा, एकच गोष्ट बदला, पुन्हा पाहा. हातपंपास पाणी येत नसेल, सायकलचा दिवा लागत नसेल, किंवा शाळेची घंटा वेळेवर वाजत नसेल, तेथेही मुलांनी हीच रीत वापरावी.

स्वाध्याय

१. ३६० केबीच्या तबकडीवर एकूण सेक्टर किती? बाइटमध्ये क्षमता काढा.

२. आखणीनंतर त्या तबकडीवर ३,६२,४९६ बाइट जागा दिसते. दप्तरासाठी किती सेक्टर राखले गेले?

३. तबकडी ‘क’ दोन्ही ड्राइव्हमध्ये आखली गेली. तबकडी ‘ख’ एकातही आखली गेली नाही. दोष कोणाचा? ‘ख’ टाकून देण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टी पाहाल?

४. लेखनबंदीची रीत सव्वापाच इंची व साडेतीन इंची तबकडीत कशी निराळी आहे, ते आकृती काढून दाखवा.

५. शाळेतील सर्व तबकड्यांची यादी करा. प्रत्येकीपुढे जात, सापडलेले ठिकाण, लेपाची स्थिती व मजकूर वाचला गेला की नाही, हे चार रकाने ठेवा. ज्या तबकडीपुढील चौथा रकाना कोरा आहे, ती तबकडी आखावयास घेऊ नका.